तीन फुटांवरून

"मामा, अजून खाली."

मी गुडघ्यांवर आलोच होतो. बसथांब्यावरची माणसं आधी जरा सरकली, मग माझ्याकडे बघायला लागली आणि मग मी बघत होतो तिकडे. माझं काहीतरी पडलंय असंच त्यांना वाटलं असणार. भाचीच्या हातात तिच्या आजीच्या शिवणाच्या डब्यातली टेप होती. माझ्या डोळ्यांपाशी एक टोक धरून तिनं दुसरं जमिनीवर सोडलं.

"तीन फूट नऊ इंच. बालवाडीतल्या मुलांचे डोळे तीन फुटांवर असतात. टाचांवर बस."

बसलो. आयुष्यात याहून अवघडलेल्या अवस्थेत जाहिरात बघितलेली नाही, आणि जाहिराती बघणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा होता.

थांब्याच्या शेडला एका बाजूनं काच होती आणि काचेआड आतून उजळलेलं पोस्टर. उभ्यानं बघितलं होतं तेव्हा ते नेहमीसारखंच होतं : गोड पेयाची बाटली, वर दोन ओळींचा मजकूर, कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत कसली तरी सूचना. खालून बघितल्यावर मजकूर काचेवरच्या चकाकीत विरघळून गेला. सूचनेचा तर प्रश्नच नव्हता. आजूबाजूला मोठ्यांच्या पाठी, पिशव्या आणि पँटी, आणि नाकापासून हातभर अंतरावर त्या बाटलीचं पोट. त्यावरचा एकेक थेंब माझ्या तळहाताएवढा. बाकी त्या उंचीवर बघण्यासारखं काही नव्हतंच.

ते थेंब माझ्या ओळखीचे होते. खरे पाण्याचे थेंब स्टुडिओतल्या दिव्यांखाली पाच मिनिटांत घरंगळतात, म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारतात. मग ते तासन्‌तास जागचे हलत नाहीत. वाडग्यातल्या कुरकुरीत नाश्त्यावरचं दूध म्हणजे पुष्कळदा पांढरा गोंद असतो, कारण दुधात तो पाच मिनिटांत लगदा होतो. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही, खोटं कशाला सांगू, त्या उन्हात टाचांवर बसून मला तहान लागली.

"लिही," मी भाचीला म्हटलं, "मामाला तहान लागली."

तिनं खरंच लिहिलं.

भाची पंधरा वर्षांची आहे. ती आणि तिच्या वर्गातली पाच मुलं घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर दिसणाऱ्या जाहिराती मोजत होती. फक्त पोटाला, दातांना, फुप्फुसांना वाईट असलेल्या गोष्टींच्या. वहीत नकाशा हातानं काढलेला, त्यावर लाल ठिपके. मोजणीपेक्षा त्यांची भांडणं जास्त ऐकण्यासारखी होती. बसच्या पाठीवरची जाहिरात धरायची का? ती तर चालती आहे. धरायची असेल तर कुठल्या चौकात? घरपोच खाणं आणणाऱ्याच्या पाठीवरचा डबा? तो माणूस काम करतोय बिचारा, त्याला ठिपका लावायचा? एका मुलाचा स्वतःचाच टीशर्ट निघाला, समोर एका पेयाचं नाव, कुठल्याशा स्पर्धेत फुकट मिळालेला. त्याला नकाशात टाकायचं की नाही यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं, जे जागचं हलत नाही तेवढंच मोजायचं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. ज्याला मालक आहे, भाडं आहे आणि परवानगी आहे, तेवढंच त्यांनी धरलं होतं. अर्ज कुणाकडे करायचा, हे त्यामुळे आपोआप ठरत होतं.

आता माझ्याबद्दल. मी बावीस वर्षं जाहिरातींचे मजकूर लिहिले. होर्डिंगचा एक नियम पहिल्याच आठवड्यात शिकवतात : सात शब्दांच्या वर जायचं नाही. गाडीतल्या माणसाची नजर तुम्हाला जेमतेम पाच-सहा सेकंद मिळते. जागासुद्धा त्याच हिशेबानं निवडतात. रस्ता सरळ असून समोरच फलक उभा ठाकत असेल तर ती 'हेडऑन साइट', सगळ्यात महाग. वळणावरची स्वस्त. झाडाआड जाणारी त्याहून स्वस्त. मग कधीतरी ते झाड कुणीतरी छाटतं, कोणी छाटलं ते कधीच कळत नाही. एवढं सगळं गणित जाणाऱ्यासाठी. उभं राहणाऱ्याचा विचार त्यात कुठेच नव्हता. आणि त्या थांब्यावर मुलं रोज दहा-पंधरा मिनिटं उभी असतात. आम्ही पाच सेकंदांसाठी भांडत होतो आणि इथे कुणी मागितली नसताना पंधरा मिनिटं पदरात पडत होती. वर्षाचे शाळेचे दिवस धरून मी मनात गुणाकार करायला लागलो आणि सोडून दिला.

असं म्हणताना मी स्वतःला जरा स्वस्तात सोडतोय. आमच्यापैकी कुणालाच मुलं दिसत नव्हती असं नाही. एकदा एका गोड पदार्थासाठी लिहिलेली माझी ओळ एका शाळेसमोरच्या फलकावर लागली होती. जागा निवडणाऱ्यानं मला फोटो पाठवला. खाली शाळा सुटल्याची गर्दी, वर माझी ओळ. मी तो फोटो जपून ठेवला होता. फलकाखाली एवढी गर्दी म्हणजे काय, कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिणाऱ्याला विचारा. ती कंपनी आता काय विकते मला माहीत नाही, पण फोटो परवापर्यंत कपाटात होता.

उंचीचं हे प्रकरण मुलांना सुचलं तेव्हा मला वाटलं, हे अगदी नवीन आहे. नव्हतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९९९ मध्ये तंबाखूच्या जाहिरातींसाठी नियम केले होते. शाळा आणि खेळाच्या मैदानांपासून १,००० फुटांच्या आत बाहेरची जाहिरात नको, आणि तिथल्या दुकानांच्या आत जाहिरात लावायची तर जमिनीपासून किमान ५ फूट उंच, म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या वर. तंबाखू कंपन्या कोर्टात गेल्या. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे दोन्ही नियम रद्द केले. पाच फुटांच्या नियमाबद्दल न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : सगळीच मुलं पाच फुटांपेक्षा बुटकी नसतात, आणि जी असतात त्यांना मान वर करून बघता येतंच की.

भाचीला हे वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग खाली लावल्यावर मोठ्यांना मान खाली करून का बघता येत नाही?"

मी वकील नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलांना कळत नाही, ती लक्ष देत नाहीत, असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणायचे. गरज पडली की. बाकीच्या वेळी त्याच मुलांनी घरी हट्ट करावा म्हणून डोकी खपायची. १९९१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक साधा प्रयोग छापून आला होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चिन्हांची कार्डं दिली आणि पाटावर वस्तूंची चित्रं मांडली. कुठलं चिन्ह कुठल्या वस्तूचं, ते जुळवायचं. त्यात 'ओल्ड जो' होता, कॅमल सिगारेटचा गॉगलवाला उंट. सहा वर्षांच्या मुलांपैकी ९१.३ टक्क्यांनी उंट बरोबर सिगारेटशेजारी ठेवला. मिकी माउसच्या कानांचं डिस्ने चॅनेलचं चिन्ह त्यांना जेवढं ओळखता आलं, जवळपास तेवढंच. सहा वर्षांच्या मुलानं ती सिगारेट विकत घेतलेली नसते. त्यानं फक्त उंट बघितलेला असतो, येता-जाता.

पुढे काय झालं ते मला व्यवसायाच्या अंगानं फार आवडतं. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली ४६ राज्यं आणि मोठ्या तंबाखू कंपन्या यांच्यात करार झाला. त्यात जाहिरातीतली कार्टून गेली आणि मोठे फलकही गेले. उतरवायची मुदत एप्रिल १९९९. पण बऱ्याच फलकांचं भाडं कंपन्यांनी पुढचं भरून ठेवलेलं होतं. तेव्हा उरलेल्या मुदतीत राज्यांनी त्याच जागांवर तंबाखूविरोधी संदेश लावावेत, आणि तेही कंपन्यांच्या खर्चानं, अशी तरतूद करारात होती. ज्यानं हे कलम लिहिलं त्याच्यासोबत मला एकदा चहा प्यायचा आहे.

करार वरून येतात, पण त्याच्या कितीतरी आधी गल्लीत कुणीतरी शिडी लावलेली असते. १९७९ मध्ये सिडनीत काही लोकांनी रात्री रंगाचे फवारे घेऊन सिगारेट आणि दारूचे फलक 'दुरुस्त' करायला सुरुवात केली. त्यांच्या गटाचं नाव 'बुगा अप'. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं, आणि त्या नावातच अपायकारक जाहिरातींविरुद्ध फलक वापरणारे रंगारी असा अर्थ होता. एकत्र म्हटलं की तिथल्या बोलीत 'वाट लावणे'. मार्लबोरोच्या फलकावरची काही अक्षरं झाकून, काही जोडून त्यांनी 'इट्स अ बोर' केलं होतं. म्हणजे हा सगळा कंटाळवाणा प्रकार आहे, एवढंच. कॉपीरायटर म्हणून सांगतो, मूळ जाहिरातीपेक्षा हे चांगलं आहे. त्यातले काहीजण डॉक्टर होते, पकडले गेले, कोर्टात उभे राहिले आणि तिथे फुप्फुसांबद्दल बोलले. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियानं देशभर तंबाखूच्या जाहिराती बंद करणारा कायदा केला. १९९० मध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कॅल्विन बट्स नावाचे पाद्री आपल्या चर्चमधल्या लोकांना घेऊन बाहेर पडले आणि वस्तीतल्या दारू-सिगारेटच्या फलकांना त्यांनी पांढरा रंग फासला. गोऱ्यांच्या श्रीमंत वस्त्यांत एवढे फलक नाहीत, आमच्याच खिडक्यांसमोर का, हा त्यामागचा सवाल.

हे सगळं भाचीच्या मित्रांना सांगताना मी जरा रंगात आलो होतो, अगदी शब्दशः. एक मुलगा लगेच म्हणाला, "मग आपणही रंगवू या." पोरं उत्साहानं उठलीच. भाचीनं त्याला बसवलं. "रंग लावला की उद्या सगळे रंगाबद्दल बोलणार. बाटलीबद्दल कोण बोलणार?"

मला बट्स यांची बाजू घ्यायची होती. पण समोर आठवी-नववीतली मुलं होती आणि त्यांच्या आया स्वयंपाकघरात होत्या.

रंगाशिवाय काय करता येतं याचं एक उदाहरण लंडनचं. तिथे २०१९ च्या फेब्रुवारीत मेट्रो, बस आणि थांबे चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेनं साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेल्या खाण्याच्या जाहिराती बंद केल्या. सुरुवातीला गंमती झाल्या. घरपोच किराणा देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात परत गेली, कारण चित्रात लोणी आणि अंडी होती. लोक हसले. पण २०२२ मध्ये लंडनमधल्या कुटुंबांची खाण्यापिण्याची खरेदी तपासून एक अभ्यास आला. बंदी नसती तर अशा खाण्यातून जेवढे कॅलरी घरात आले असते असा अंदाज होता, त्यापेक्षा दर आठवड्याला दर घरामागे सुमारे १,००० कॅलरी कमी आले होते. शब्द नीट वाचा : खाणं बंद झालं असं कुणी म्हणत नाही. अंदाजापेक्षा कमी. पण हे काचेवरचं चित्र बदलल्यानं झालं, घराघरात भाषण देऊन नाही. आमच्या धंद्याला एवढा आकडा मिळाला असता तर आम्ही त्यावर पुरस्कार घेतला असता.

तिथलीच 'बाइट बॅक' नावाची तरुण मुलांची चळवळ आहे. मध्यंतरी त्या मुलांनी लंडनमध्ये जाहिरातीच्या जागाच विकत घेतल्या आणि त्यावर साधारण असं लिहिलं की, जंक फूडवाल्यांना मिळू नये म्हणून ही जागा आम्ही घेतली आहे, मुलांना जरा विश्रांती. हे वाचून भाची खूश झाली आणि लगेच हिरमुसली, कारण जागेचं भाडं विचारायला तिनं फोन केला होता आणि पलीकडच्या माणसानं "तुमची कंपनी कोणती?" असं विचारलं होतं.

कायदा आला की काम संपतं, असंही नाही. ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा पुढे ढकलत अखेर ५ जानेवारी २०२६ पासून टीव्हीवर रात्री ९ च्या आत अशा खाण्याची जाहिरात करता येत नाही, आणि पैसे देऊन ऑनलाइन तर कधीच नाही. पण पदार्थ न दाखवता नुसतं कंपनीचं नाव दाखवायला मोकळीक आहे. आणि रस्त्यावरच्या फलकांना हा कायदा लागूच नाही. तिकडे बंद झालेला पैसा कुठे जाईल, हे समजायला बावीस वर्षांचा अनुभव लागत नाही. नाव दाखवलं की पुरतं, हे मी खात्रीनं सांगतो. त्या सहा वर्षांच्या मुलांनीही उंटच लक्षात ठेवला होता ना?

या जाहिराती नकोत म्हटल्यावर भाचीला आणि तिच्या मित्रांना मोहल्ल्यात मिळालेली उत्तरं मात्र कायद्याहून चिवट होती. "बघू नका ना मग." हे सगळ्यात जास्त वेळा. टीव्ही बंद करता येतो, मासिक मिटता येतं, फोन उलटा ठेवता येतो. रस्ता कसा मिटायचा? "आईबापांनी नाही म्हणायला शिकावं." हे म्हणणारे गृहस्थ स्वतः आजोबा होते आणि नातवाला नाही म्हणण्याचा त्यांचा इतिहास सगळ्या इमारतीला माहीत होता. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण आईनं दिवसातून एकदा म्हटलेलं 'नको' आणि थांब्यावर पंधरा मिनिटं उजळलेलं 'हो', यांची बरोबरी कशी लावायची?

एका उत्तरावर मात्र सगळी पोरं गार पडली. परवानग्या देणाऱ्या कार्यालयातला एक कारकून, सज्जन माणूस, म्हणाला, "अगं बाळा, ती शेड कुणी बांधलीय? जाहिरातवाल्यानंच ना? जाहिरात काढली तर तो शेडही काढणार. मग उन्हात उभी राहणार का?"

ही युक्ती जुनी आहे. १९६४ मध्ये फ्रान्सच्या लिओंमध्ये जाँ-क्लोद दको या जाहिरात व्यावसायिकांनी ती पहिल्यांदा वापरली : थांब्याची शेड आम्ही फुकट बांधतो, सांभाळतो, पुसतो, बदल्यात तिच्या काचा आमच्या. शहरांना हे इतकं सोयीचं वाटलं की जगभर पसरलं. म्हणजे सावली आणि बाटली एकाच करारात आहेत. मुलं परत आली तेव्हा तोंडं उतरलेली. "शेड तर पाहिजेच," एक मुलगी म्हणाली, "माझी आजी तिथेच बसते." यावर मी काहीतरी बोलावं अशी अपेक्षा होती. मी लिओंनंतर ग्रनोबलची गोष्ट सांगितली. तेही फ्रान्समध्येच आहे. तिथे २०१४ मध्ये नव्या महापौरांनी जाहिरात कंपनीचा करार पुढे वाढवला नाही, ३२६ फलक काढायचं ठरवलं आणि त्या जागी झाडं लावायचं जाहीर केलं. भाचीनं विचारलं, झाडाची सावली यायला किती वर्षं? मी म्हटलं, तुझी शाळा संपेल तोवर तरी नाही.

ब्राझीलमधल्या साओ पावलोचंही सांगितलं. तिथे २००७ पासून सगळे फलक उतरवले, हजारोंनी, चांगलं-वाईट न बघता. मग लोकांना रस्ते ओळखेनासे झाले, कारण खुणा गेल्या होत्या, आणि फलकांमागे दडलेल्या पडक्या भिंती, कारखाने, झोपड्या समोर आल्या. मुलांना हे फारसं आवडलं नाही. "म्हणजे मागे काय आहे ते पण बघावं लागणार," टीशर्टवाला मुलगा म्हणाला. तो टीशर्ट त्यानं अजून सोडलेला नाही, आता उलटा घालतो.

अर्ज केला. पोच मिळाली. त्यात मागणी अगदी थोडी होती : शाळेच्या वाटेवरच्या थांब्यांच्या काचांवर या वस्तू नकोत, बाकी काहीही लावा, घड्याळं लावा, सिनेमा लावा, चपला लावा. शेडबद्दल एक शब्द नाही. हे शेवटचं कलम आजीवाल्या मुलीचं होतं.

उत्तर यायचं तेव्हा येईल, तोवर थांब्यावर आपलं काहीतरी असावं असं त्यांचं ठरलं. कागदाची एक पट्टी, बस्स. आणि ती ओळ मामानं लिहायची, कारण घरातला तो एकच 'प्रोफेशनल'. मला बरं वाटलं, नाकारत नाही. मी तीन दिवस घेतले. सात शब्दांत बसवली, यमक आलं, थोडा चिमटा, थोडं हसू. पूर्वी अशा ओळीवर क्लायंटनं टेबलावर हात मारला असता. भाचीनं ती दोनदा वाचली.

"छान आहे मामा. पण ही जाहिरातीसारखी वाटते."

आणि कागद घडी करून वहीत ठेवला. काढून टाकला नाही, एवढी माया.

पट्टी त्यांनी स्वतःच केली. थांब्याच्या खांबावर, टेपनं मोजून, जमिनीपासून बरोबर तीन फुटांवर. गोंदानं नाही, दोरीनं बांधलेली, उद्या कुणी सोड म्हटलं तर सोडता यावी म्हणून. वर दोन शब्द : 'इथून बघा'. शेजारी काचेकडे जाणारा एक बाण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. बराच वेळ कुणी वाचलंच नाही, एवढ्या खाली वाचायला कोण बघतं. मग ऑफिसची बॅग अडकवलेला एक माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्याला पट्टी दिसली. त्यानं इकडेतिकडे बघितलं. बॅग मांडीवर घेऊन तो टाचांवर बसला आणि बाणाकडे मान वळवली. बस आली. दार उघडलं, माणसं चढली, दार बंद झालं, आणि तो अजून तसाच बसला होता.